हप्ते थकल्याचे भाडेकरूला सांगावे की नाही?

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्यातल्याच एकाच्या वडिलांच्या घरावरून. व्यवसायासाठी ते घर तारण ठेवून त्याने कर्ज काढले, पुढे स्वतः दुसरीकडे राहायला गेला आणि बँकेच्या संमतीने ते लिव्ह अँड लायसन्सवर दिले. भाडे दरमहा वेळेवर येते, पण ते घरखर्चात जिरते आणि हप्ते मात्र थकत गेले. थकबाकीला ९० दिवस उलटल्यावर बँकेने खाते एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज, ठरवले आणि आता ६० दिवसांत सगळी रक्कम भरा, अशी सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(२) खालील नोटीस त्याच्या हातात पडली आहे. ‘भाडेकरूला यातले अक्षरही कळता कामा नये, तो निघून गेला तर हक्काचे पैसेही थांबतील,’ असे त्याचे म्हणणे होते.

त्याला लगेच दुजोरा मिळाला. एक जण म्हणाला, ‘अरे, घरात माणूस राहतो आहे तोवर बँक काही करू शकत नाही. त्याच्याशी मागच्या तारखेचा पाच वर्षांचा करार करून टाक आणि स्वस्थ बस.’ असा सल्ला कट्ट्यावर फार सहज दिला जातो आणि तो ऐकणाऱ्याचे घर बुडते, म्हणून मला तो मनापासून खटकला.

आमच्या वकील मित्राने तो मुद्द्यागणिक खोडून काढला. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला ते घर विकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. कागदावर कोणतीही तारीख घातली तरी नोंदणी ज्या दिवशी झाली तोच दिवस दस्तावर उमटतो. शिवाय सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूने हक्क सांगितलाच, तर त्याची मुदत संपली आहे का, भाडेपट्टा गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे का, तो नोटिशीनंतर निर्माण झाला आहे का, हे सारे कर्ज वसुली न्यायाधिकरण तपासते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला तर घरात मालकीसारखा कोणताही हितसंबंधच नसतो, त्यामुळे त्याच्या आडून बँकेला रोखणे शक्य नाही.

‘मग दिवाणी दाव्यात वर्षे जातील ना?’ या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थीच होते. सरफेसी कायद्याखाली बँकेला दावा लावावाच लागत नाही. ६० दिवस सरले की ती ताब्याची नोटीस घराच्या दारावर चिकटवते, दोन वृत्तपत्रांत छापते आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत मागू शकते. म्हणजे आज लपवलेली गोष्ट भाडेकरूला शेवटी कळणार ती दारावरच्या कागदावरून, आणि तेव्हा त्याच्याकडे दुसरे घर शोधायला पुरेसा वेळही नसेल. मुलांच्या शाळा सांभाळून राहणाऱ्या कुटुंबाशी असे वागणे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते तिथे स्पष्ट बोललो.

बँकेत वसुलीचे काम केलेल्या मित्राने चर्चा पुन्हा ६० दिवसांवर आणली. हिशेबात चूक असेल किंवा कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ते नव्याने बांधून, हवी असेल, तर लेखी हरकत द्यावी. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. भाडे यापुढे थेट कर्जखात्यात वळवावे. तेवढ्याने भागणार नसेल, तर बँकेची लेखी संमती घेऊन स्वतःच गिऱ्हाईक शोधावे, कारण लिलावात सहसा मनाजोगी किंमत येत नाही. २०१६ नंतर सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. पूर्वी ही मुदत विक्रीच्या तारखेपर्यंत असे. ताबा घेण्यातच बँकेने कायदा मोडला असेल, तर न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, मात्र केवळ वेळ काढण्यासाठी केलेला अर्ज व्याज तेवढे वाढवतो.

एवढे ऐकूनही मित्र अडला तो अनामत रकमेवर, कारण ती केव्हाच खर्च झाली होती. लिलावाच्या पैशांतून आधी बँकेचा खर्च, मग तिची थकबाकी भागते आणि उरले तरच मालकाला मिळते. लायसन्सवर राहणाऱ्याची अनामत त्या रांगेत नसते, ती मालकाच्याच डोक्यावर राहते. तेव्हा भाडेकरूला नोटीस दाखवायची, अनामत संपेपर्यंत ती दरमहा भाड्यातून थोडी थोडी वळती करायची आणि उरलेले भाडे कर्जखात्यात जमा करायचे, असे त्याने अखेर मान्य केले. हरकतीचा मसुदा वकील मित्र लिहून देणार आहे.