पाठीतल्या पाण्यात पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे मेंदूज्वर नाही?

पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे केलेले आहेत. मेंदूज्वराच्या संशयावरून मुलाच्या पाठीतले पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) सुईने काढले तर मूल अधू होते. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतील तर मेंदूला दाह नाही, मूल खुशाल घरी न्यावे. आणि नवे ‘मार्कर’, म्हणजे आजाराची खूण देणारे पाण्यातले पदार्थ, तपासले की मूल पूर्ण बरे होणार की नाही हे आधीच कळते.

पहिल्या दाव्याला थोडक्यात उत्तर देता येते. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी आणि नवजात बाळात साधारण तिसऱ्या मणक्यापाशी संपतो, व सुई त्याच्या खालच्या जागेत घातली जाते. मेंदूतला दाब वाढल्याची लक्षणे किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी लांबवतात. उपचार मात्र लांबवत नाहीत.

दुसरा दावा जिवावर बेतणारा आहे. तान्हेपण ओलांडलेल्या मुलाच्या पाण्यात घन मिलिमीटरमागे ५ पर्यंत पांढऱ्या पेशी सामान्य मानतात, परंतु रक्तातल्या किती पेशी त्या पाण्यात उतरल्या, एवढेच ही संख्या सांगते. विषाणूशी लढताना शरीरात गॅमा इंटरफेरॉन तयार होते आणि त्याने चेतवलेल्या भक्षक पेशी निओप्टेरिन नावाचा पदार्थ सोडतात. पेशींची संख्या सामान्य असतानाही पाण्यातले निओप्टेरिन वाढलेले आढळू शकते, ते यामुळेच. नागीण वर्गातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणीदेखील पहिल्या ७२ तासांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लक्षणे पटत असतील तर ती काही दिवसांनी पुन्हा करतात आणि तोवर असायक्लोविर हे विषाणूरोधक औषध चालू ठेवतात. उपचाराविना या विषाणूच्या मेंदूज्वरात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत असत. ताप, आकडी आणि हरपत चाललेली शुद्ध समोर असताना एका आकड्याच्या भरवशावर मूल घरी नेण्याचा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते.

तिसऱ्या दाव्यात दाह आणि इजा यांची गल्लत झालेली आहे. निओप्टेरिन दाहाची खूण आहे. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे मात्र चेतातंतूंच्या सांगाड्यातले प्रथिन असून तंतूंना इजा झाल्यावर ते पाण्यात झिरपते. त्यामुळे आजाराच्या सुरुवातीला, दाह भरात असतानाही, त्याची पातळी कमीच दिसू शकते. ती वाढली तरी इजा विषाणूने केली की अन्य कारणाने, हे त्यावरून समजत नाही. अनेक रुग्णांच्या गटात वाढलेली पातळी आणि गंभीर परिणाम यांचा संबंध दिसतो हे खरे. पण मुलाचे वय आणि पाणी काढल्याचा दिवस यांनुसार ती बदलत असल्याने एकाच नमुन्यावरून एखाद्या मुलाचे भवितव्य वर्तवता येत नाही. अशा आकड्याला घाबरून त्याची फिजिओथेरपी किंवा वाचोपचार कोणी थांबवू नयेत.