‘टेस्ट केली नाही म्हणून गर्भ गेला’ हे खोटं आहे

परवा रात्री अकरा वाजता पाथर्डी फाट्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार, चालू आहे. आठवड्यापूर्वीच तिची बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली होती. रडत रडत एकच विचारत होती, “ताई, मी त्या टेस्टला नको म्हटलं म्हणून गेलं का गं?” त्याच संध्याकाळी काकूंनी घरच्या ग्रुपवर ‘आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येकीने वाचा’ असा मेसेज टाकला होता. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो मेसेज वाईट आहे.

त्यातलं सगळ्यात विषारी वाक्य असं: ‘ईआरए टेस्ट न करता ट्रान्सफर केलं तर चुकीच्या तासाला चांगला गर्भ आईच्या हातून वाया जातो.’ ट्रान्सफर म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, आणि ईआरए म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्यासाठी नेमकं कधी तयार आहे ते सांगू पाहणारी टेस्ट.

वेळेला महत्त्व आहे, एवढं मान्य करते. गर्भाशयाचं अस्तर गर्भ धरायला महिन्यातले थोडेच दिवस तयार असतं. म्हणूनच फ्रोझन, म्हणजे गोठवून ठेवलेल्या गर्भाच्या ट्रान्सफरमध्ये, अस्तर तयार करणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू केल्यावर साधारण पाच दिवस मोजतात आणि मग ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवसांचा गर्भ, आत सोडतात. ही मोजणी नेहमीच्या उपचारातच असते. माझ्या बहिणीचीही झाली. तिने एकही डोस, एकही वेळ चुकवली नव्हती.

ईआरएसाठी एक महिना नुसती औषधं घ्यायची, ट्रान्सफर नाही. अस्तराचा तुकडा काढून तपासायचा आणि प्रत्येकीची वेगळी वेळ ठरवायची. ऐकायला पटतं. पण २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ७६७ जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं ट्रान्सफर ईआरएने सांगितलेल्या वेळेला, दुसऱ्याचं नेहमीच्या वेळेला. पहिल्या गटात ५८.५ टक्के जणींना मूल झालं, दुसऱ्यात ६१.९ टक्के. म्हणजे टेस्टचा फायदा दिसलाच नाही. मग जी टेस्ट केली नाही, तिच्यामुळे गर्भ गेला असं एखाद्या बाईला सांगायची हिंमत होते कशी?

मेसेजमधला दुसरा दावा: ‘जनुकीय तपासणी केलेला गर्भ शंभर टक्के रुजतो.’ याचं उत्तरही त्याच चाचणीत आहे. त्यातले सगळे गर्भ पीजीटी-ए ही जनुकीय तपासणी करून, गुणसूत्रं बरोबर असलेलेच निवडले होते. तरीही दोन्ही गटांत दहापैकी साधारण चौघींना त्या ट्रान्सफरमधून मूल झालं नाही. कुठे गेले शंभर टक्के?

तपासणीने गर्भ सुधारत नाही. चाळीतला कांदा निवडला की सडका बाजूला निघतो, चांगल्याची संख्या काही वाढत नाही. शिवाय तपासायला घेतात त्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी, ज्यांची पुढे वार होते. बाळ ज्या पेशींपासून होतं त्यांना हातही लावत नाहीत. त्या मोजक्या पेशींतही कधी काही बरोबर, काही बिघडलेल्या असा संमिश्र रिपोर्ट येतो. तशा गर्भांतूनही निरोगी मुलं जन्मली आहेत.

वय पस्तिशीच्या पुढे गेलं असेल किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल, तर डॉक्टरांशी या तपासणीबद्दल जरूर बोलावं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराचा धोका चारात एक असतो. तिथे त्या आजारासाठीची वेगळी तपासणी खरोखर उपयोगाची आहे. पण माझी बहीण एकतीस वर्षांची आहे आणि यातलं काहीच तिला लागू नाही.

मेसेजमधलं ‘तपासलेलं मूल पूर्ण निरोगी’ हेही चूक. पीजीटी-ए गुणसूत्रांची संख्या बघते, प्रत्येक आजार नाही. ट्रान्सफरनंतर ‘चौदा दिवस अंथरुणातून उठू नका’ याला काही आधार नाही. गर्भ उभं राहिल्याने गळून पडत नाही. आणि ‘मुलगा की मुलगी तेही कळतं’ असं शेवटी हळूच घुसडलंय, ते तर सरळ गुन्ह्याचं आमंत्रण आहे. गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा प्रयोगशाळेतल्या गर्भालाही लागू आहे, आणि २०२१ च्या कायद्यानेही आयव्हीएफमध्ये लिंग निवडायला बंदी केली आहे.

बहिणीचे दोन गर्भ अजून फ्रोझन आहेत. पुढच्या महिन्यात ती डॉक्टरांना भेटणार आहे, मी सोबत जाणार आहे. काकू, तो मेसेज तुम्ही माहेरच्या ग्रुपवरही टाकलात ना? तिथे आता हेही टाका.