‘गोव्यात सापाला हीटर कशाला?’

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय, मला चौघांनी पाठवला. गोवा बारा महिने उबदार, बॉल पायथन हा पाळला जाणारा साप मूळचा आफ्रिकेतला, तेव्हा हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) आणि तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट ही दुकानदारांची कमाई. काचेची पेटी पडवीत उन्हाला ठेवा, थंडीत आत विजेवर तापणारा दगड सोडा, बाकी साप आपलं आपण बघून घेतो.

आधी एक खुलासा. मजकुरात सरसकट ‘अजगर’ म्हटलंय. आपल्या रानातला अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन वेगळा, आणि त्याचीही केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता ‘बारा महिने उबदार’. दुपारपुरतं मान्य. पण गोव्यातल्याच सत्तरी तालुक्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा २०च्या खाली येतो, आणि बॉल पायथनला रात्रीसुद्धा २३-२४ तरी हवेत. दिवसा पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. खाल्लेलं पचवायची ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. एका जानेवारीत मीही शहाणपणा करून मॅट काढून ठेवली होती. खाऊ घातल्यावर तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याशेजारी अख्खा उंदीर पडलेला, केस गळून गुळगुळीत झालेला. वास असा की आई दोन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही. पुढे दोन आठवडे सापाला उपास.

पडवीतल्या उन्हाचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. काच ऊन आत घेते आणि उष्णता कोंडून ठेवते. बंद पेटीत साप थोड्या वेळात मरू शकतो. खरं तर गोव्यात तापवण्यापेक्षा गार ठेवणंच कठीण. मे महिन्यात खोलीच ३२-३३ला पोचली की पेटीत गार टोक उरतच नाही. तेव्हा पेटी खाली लादीवर, चिऱ्याच्या जाड भिंतीच्या आतल्या खोलीत न्यायची, आणि तरी भागलं नाही तर एसी. उलट जुलैत वीज चार तास गेली तरी मी घाबरत नाही. खोली २६-२७ असते, तेवढ्याने काही बिघडत नाही. मजकुरात तथ्य आहे ते एवढंच.

तापता दगड नकोच. पोटाखाली भाजतंय हे सापाला वेळेवर कळत नाही; कळेपर्यंत खवले तपकिरी पडलेले असतात.

‘आपलं आपण बघून घेतो’ हे खरं, पण त्याला दोन जागा दिल्या तर. दोन्ही टोकांना लपायला खोपटं हवं. एकच असेल तर हा लाजरा प्राणी ऊब सोडेल, गारवा सोडेल, पण खोपटं सोडणार नाही.

राहिली दुकानदारांची कमाई. तिथे मी वाचवतो ते काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या तापमापकावर. थर्मोस्टॅट मात्र घेतो, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, बरोबर मॅटच्या वर बसवतो. माझ्याकडचा काटा २९ दाखवत होता, तेव्हा थर्मामीटर-गन त्याच पेटीत भुशाखालच्या काचेवर धरली. ४१.