कुरकुर शॉकअपची नव्हे, बुशची

ऑफरोडिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. बाहेरून घेतलेले शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) टाकल्यावर गाडी कुरकुरायला लागली तर काय करावं, याचे त्यात पाच उपाय आहेत. एक, कुरकुर म्हणजे आतला गॅस गेला, शॉकअप बाद झाला. दोन, तोवर बुशवर, म्हणजे जोडात बसणाऱ्या रबरी नळीवर, डब्ल्यूडी-40चा स्प्रे किंवा डिझेल मारत राहा. तीन, गाडी जॅकवर घ्या आणि सगळे नट जातील तेवढे आवळा. चार, रबरी बुश फेकून पॉलियुरेथेनचे टाका, आवाज कायमचा जाईल. पाच, तरीही येत राहिला तर हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसतं. हा मेसेज वाचून माझ्या ओळखीतल्या दोघांनी चांगले शॉकअप काढून टाकले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गॅसपासून सुरुवात करतो. शॉकअपमध्ये नायट्रोजन भरतात तो तेलाचा फेस होऊ नये म्हणून. खराब रस्त्यावर पिस्टन सतत वरखाली होतो, तेल तापतं, त्यात बुडबुडे धरले की शॉकअपचा जोर जातो. दाबाखालचा गॅस हे बुडबुडे धरू देत नाही. तो गेला तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन हेलकावे घेते, लांबच्या कच्च्या रस्त्यावर तर लवकरच ढिली वाटायला लागते. पण कुरकुरत नाही. शॉकअपच्या आतून येणारा आवाज बहुतेक वेळा 'फुस्स' असा असतो. ते झडपांमधून जाणारं तेल आहे आणि त्यात बिघाड काही नाही. पिस्टनचा दांडा वाकला असेल तर मात्र तो एका बाजूने घासतो. त्यावर तेवढीच उभी चकाकती रेघ दिसते. गॅस तपासायचा असेल तर शॉकअप काढा, दांडा पूर्ण दाबा आणि सोडा. गॅसचा शॉकअप धड असेल तर दांडा हळूहळू स्वतःहून बाहेर येतो. नळीवर तेलाचे ओघळ दिसले तर शॉकअप बदला. नुसता ओलसर पातळ थर असेल तर काळजीचं कारण नाही.

मग कुरकुर येते कुठून? बहुतेक वेळा दोन्ही टोकांच्या बुशमधून, आणि पुष्कळदा तर शॉकअपशी संबंधच नसलेल्या जागेतून.

माझ्या जिप्सीला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. नवे शॉकअप टाकले, उंचीसाठी मागे लांब शॅकलही (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकल्या, आणि आठवड्यात मागून चुईं-चुईं सुरू झालं. गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलून दिले. आवाज तसाच. पावसाळ्यात ताम्हिणीत बंद, दिवाळीनंतर परत सुरू. पाण्याने आवाज थांबतोय तर पाण्यानेच जागा शोधावी, असं तेव्हा सुचलं. एका रविवारी गाडी सपाट जागी उभी केली, चाकांना दगड लावले. मुलगी मागच्या बंपरवर उभी राहून झोके द्यायला लागली आणि मी साबणाचं पाणी घेऊन खाली बसलो. डाव्या शॉकअपच्या खालच्या बुशवर पाणी सोडलं, फरक नाही. वरच्यावर सोडलं, नाही. उजवीकडेही तेच. मग डाव्या शॅकलच्या वरच्या बुशवर बाटली दाबली आणि आवाज तिथेच तुटला. बोट टेकवलं तर त्या बुशची थरथर अजूनही जाणवत होती. खोलून पाहिलं तर पॉलियुरेथेनचा बुश कोरडाच बसवलेला होता, आत लाल धूळ भरली होती आणि बुशच्या आतल्या लोखंडी नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, गंजाची गोल रेघ उमटली होती. दोन चांगले शॉकअप उगाच बदलले गेले होते.

आता चौथा मुद्दा आधी घेतो, कारण तो कळला की दुसरा आणि तिसरा आपोआप कळतात. रबर आणि पॉलियुरेथेन हे एकाच कामाचे दोन प्रकार वाटतात, पण त्यांची चाल उलट आहे. रबरी बुश घसरत नाही, पिळतो. आतली लोखंडी स्लीव्ह बोल्टने गच्च धरलेली, बाहेरची बाजू शॉकअपच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल कडीत, पक्की, आणि सगळी हालचाल मधलं रबर पिळून सोसतं. पॉलियुरेथेनचा बुश मात्र स्लीव्हवर फिरतो. फिरणार म्हणजे घासणार, घासणार म्हणजे त्याला ग्रीस हवं. त्यामुळे पॉलियुरेथेन टाकलं की आवाज कायमचा जातो हे अगदी उलटं आहे. कोरडं पॉलियुरेथेन रबरापेक्षा जास्त ओरडतं. ते टाका, त्याचे फायदे आहेतच, पण बसवताना आत सिलिकॉनचं चिकट ग्रीस भरा आणि धुळीत-चिखलात गाडी जात असेल तर दर पावसाळ्यानंतर खोलून, पुसून, पुन्हा भरा. स्लीव्हला गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.

डब्ल्यूडी-40 मधलं 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. 1953 साली ते गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम. बुशमध्ये मात्र त्याचं पातळ तेल टिकत नाही, आवाज दोन-चार दिवस थांबतो आणि परत येतो. डिझेलबद्दल तर कळकळीने सांगतो, रबराजवळ नेऊ नका. मी एक जुना रबरी बुश आठवडाभर डिझेलच्या डब्यात ठेवून पाहिला. बाहेर काढला तेव्हा तो फुगला होता, नख सहज रुतत होतं आणि बोटांना काळं लागत होतं. असा बुश शॉकअपला धरून ठेवू शकत नाही.

जॅकवर घेऊन नट आवळण्याचा सल्ला या पाचांत सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. चाकं लोंबकळताना शॉकअप पूर्ण लांब झालेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की स्लीव्ह तिथेच पकडली जाते. गाडी खाली उतरताच रबर पिळतं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. ते कुरकुरतं आणि लवकर फाटतं. उंची वाढवलेल्या गाडीत नवे शॉकअप लांब असतात, तिथे हा पीळ आणखी मोठा. म्हणून बोल्ट आधी नुसता अडकवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा आणि मग टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा. ढिला ठेवणंही चूकच, कारण मग स्लीव्ह बोल्टवर फिरून करकरते. वरच्या टोकाला दांडा आणि गोल रबरं असतील तर रबर फुगून वॉशरच्या कडेपर्यंत आलं की थांबा, वर दुसरा नट लॉक म्हणून घाला. त्यापुढे आवळलं तर रबराची लवचीकताच संपते.

शॉकअप एका टोकाने सोडून आवाज तपासणारे असतात. जिप्सी किंवा जिम्नीत स्प्रिंग वेगळी आहे, गाडी चाकांवर उभी असताना खालचा बोल्ट काढता येतो. 2020 नंतरच्या थारच्या पुढच्या बाजूला मात्र शॉकअपभोवतीच स्प्रिंग आहे. तिथला वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराशिवाय) कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाऊ शकतो.

राहिलं 'आपोआप बसतं'. नव्या शॉकअपचा कडकपणा थोडा कमी होतो, एवढं खरं. कोरडा बुश हजार किलोमीटरने ओला होत नाही आणि पिळून आवळलेलं रबर त्या हजार किलोमीटरांत फाटायला लागतं. आवाज नवा आहे तोवरच बोल्ट सैल करा आणि गाडी चाकांवर ठेवून पुन्हा आवळा. एका बाजूला अर्धा तास पुरतो.