हीट गनने प्लास्टिकमधलं ‘तेल’ वर येत नाही

गाडीच्या बंपरचा न रंगवलेला काळा भाग, दारांवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी उन्हाने पांढुरकी पडली की एक सल्ला हमखास पुढे येतो. प्लास्टिकमधलं तेल उन्हामुळे आत दबतं, हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं अवजार, फिरवली की ते वर येतं आणि प्लास्टिक कायमचं नवं होतं. हीट गन नसेल तर टूथपेस्ट घासा, खोबरेल तेल किंवा डिझेल चोळा. प्लास्टिक काळं करायला बाजारात मिळणाऱ्या बाटल्या म्हणजे नुसती लूट. या सल्ल्यापायी धडधाकट भाग वाया गेलेले पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दबलेलं तेल वर येतं.’ असं तेल त्यात नसतंच. हे भाग बहुतेक करून पॉलिप्रॉपिलीनचे असतात. लवचिकपणासाठी त्यात रबर आणि ताठपणासाठी टाल्कसारखी खनिज भुकटी मिसळतात. काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅकचा, म्हणजे अतिशय बारीक काजळीचा. शिवाय अतिनील किरणांना तोंड द्यायला स्टॅबिलायझर घातलेले असतात. उन्हात ते हळूहळू खर्ची पडतात. मग वरच्या थरातल्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या, साखळ्या तुटायला लागतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतली भुकटी उघडी होते. अशा खरबरीत थरावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून आपल्याला करडं दिसतं. खालचं प्लास्टिक काळंच असतं.

पटत नसेल तर त्या पट्टीवर ओलं फडकं फिरवून बघा. क्षणात काळीभोर दिसेल, वाळली की पुन्हा करडी. पाण्याने काहीही दुरुस्त केलेलं नसतं, फक्त भेगांतल्या हवेची जागा घेतलेली असते. पुढचे बहुतेक ‘उपाय’ हेच करतात.

‘हीट गनने कायमचं नवं होतं.’ काळं होतं, हे खरं आहे. वरचा थर वितळतो आणि भेगा बुजतात. पण पॉलिप्रॉपिलीन 160 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि हीट गनमधून सहज 300 ते 600 अंशांची हवा बाहेर पडते. हात जरा रेंगाळला की पृष्ठभागावरचे दाणे सपाट होऊन चकाकणारा डाग उमटतो. तो डाग मग कशानेही जात नाही. पातळ कडा लाटांसारख्या वाकतात, मागच्या क्लिपा बसेनाशा होतात, शेजारच्या पत्र्यावरचा रंग फुगतो. हे सगळं निभावून नेलं तरी खर्ची पडलेले स्टॅबिलायझर परत येत नाहीत. उलट इतक्या उष्णतेने तोच थर आणखी थकतो, त्यामुळे पांढुरकेपणा पुन्हा येतोच. गाडीवरून सुटा काढलेला, नाहीतरी बदलायचाच असलेला जाड भाग असेल तर खुशाल करून पाहा. गाडीवर बसवलेल्या भागावर मात्र मी कुणालाही हे करू देणार नाही.

‘टूथपेस्टने निघतं.’ हा उपाय हेडलाइटच्या गुळगुळीत काचेसारख्या प्लास्टिकवरून इकडे आला आहे. दाणेदार पट्टीवर पेस्टमधली पांढरी भुकटी खळग्यांत अडकते आणि आधीपेक्षा जास्त पांढरं दिसतं.

‘खोबरेल तेल, नाहीतर डिझेल.’ तेल पाण्याचंच काम करतं, फक्त जास्त वेळ. खोबरेल वाळत नाही, त्यामुळे धूळ धरून ठेवतं. साधारण 24 अंशांखाली थिजतं आणि साबणाने धुतलं की जातं. नुकसान फारसं नाही, फायदाही नाही. जवसाचं तेल वाळतं खरं, पण त्यात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ही गोष्ट त्या सल्ल्यात कुणी सांगत नाही. डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच. दारांच्या रबरी पट्ट्या त्यांनी फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच.

‘बाटल्या म्हणजे लूट.’ हे अर्धंच खरं आहे. नुसती चमक देणारं सिलिकॉनचं द्रावण तेलाचाच भाऊ. पण रंग असलेली किंवा लावल्यावर कडक होणारी कोटिंगं वेगळी, ती पावसाने लगेच निघून जात नाहीत. कायमची तीही नसतात.

आणि मुळात प्रत्येक पांढरा डाग उन्हाचा नसतो. पुष्कळदा तो पत्र्याला लावलेल्या वॅक्सचा असतो, दाण्यांत अडकून वाळलेला. म्हणून आधी पाण्यात मिसळलेलं ऑल पर्पज क्लीनर आणि मऊ नायलॉनचा ब्रश घेऊन उभं-आडवं घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर काळं दिसलं तर काम तिथेच संपलं. करडंच राहिलं आणि बोटाला पांढरी पूड लागली, तर थर खरोखर झिजला आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, सावलीत कोटिंगचा पातळ हात द्या, जास्तीचं लगेच टिपा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नका. जाड हात दिला की ओघळ राहतात.

भेगा उघड्या डोळ्यांना दिसत असतील तर कोटिंगवर खर्च करू नका. भाग बदला, नाहीतर घासून, प्लास्टिकचा प्रायमर देऊन रंगवून घ्या. प्रायमर टाळला तर पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात.