ताप येण्याची वाट

आज २४ जून. सकाळी आमच्या जुन्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सरांनी मेसेज टाकला, "अमेरिकेनेसुद्धा भ्रूणहत्येचा हक्क रद्द केला, आपण कधी शहाणे होणार?" खाली सतरा जणांचे नमस्कार आणि फुलं. जिच्याबरोबर मी रात्रपाळ्या काढल्या, ती सिस्टरसुद्धा त्यात. हात थरथरत होते म्हणून तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहिते.

मार्च २०२३. मी लेकीकडे अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टनला होते. हिरवी साडी बॅगेत होती. अठराव्या आठवड्यात एका रात्री तिची पाणमोट फुटली.

चौतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत लेबर रूम सांभाळली आहे मी. इतक्या लवकर पाणी गेलं की काय होतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाळाची आशा जवळजवळ संपलेली असते. मग बघायचं ते आईकडे, पिशवी लगेच मोकळी करायची, कारण जंतू रक्तात गेले तर तीही जाते. तिथल्या डॉक्टरणीने सोनोग्राफी केली. बाळाचा ठोका होता. म्हणाली, घरी जा, ताप आला किंवा रक्त वाढलं की लगेच या.

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडलं. जावयाने पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

आयुष्यभर मी ताप उतरावा म्हणून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्या दोन रात्री दर तासाला थर्मामीटर लावून पोटच्या पोरीला ताप यायची वाट बघत बसले.

का, ते सांगते. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने तिथे गर्भपाताचा हक्क देशभर दिला होता. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टानेच तो काढून घेतला आणि राज्याराज्यांनी ठरवा म्हणून सांगितलं. टेक्ससने ठरवलं. ऑगस्ट २०२२ पासून गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला ९९ वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप, कमीत कमी एक लाख डॉलर दंड, लायसन्स रद्द. आईचा जीव धोक्यात असेल तर सूट. पण धोक्यात म्हणजे किती? शंभर ताप, की एकशे दोन? कायद्यात आकडा नाही. मग डॉक्टर वकिलाला विचारतात आणि वकील म्हणतो, थांबा. शेजारच्या न्यू मेक्सिकोत सगळं कायदेशीर आहे. पण पाणी गळत असलेल्या पोरीला दहा-बारा तास गाडीत घालून कसं न्यायचं?

कुणी म्हणेल, लोकांनी ठरवलं तर बिघडलं कुठे? बरं, कॅन्सस आणि ओहायोत लोकांना विचारलं आणि लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिलं, हे मान्य. पण टेक्ससमध्ये सामान्य माणसांना स्वतःहून असा प्रश्न मतदानाला ठेवताच येत नाही. फ्लोरिडात २०२४ ला ५७ टक्के लोक हो म्हणाले तरी हरले, कारण ६० टक्के लागतात. आणि हे इथेच थांबेल असं समजू नका. त्या २०२२ च्या निकालातच न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहून ठेवलंय, गर्भनिरोधकं वापरायचा हक्क देणारा निकालही पुन्हा तपासायला हवा.

सप्टेंबर २०२३ पासून टेक्ससने पाणमोट लवकर फुटलेल्या बाईसाठी डॉक्टरला कोर्टात बचाव दिला, हेही सांगते. म्हणजे आधी आरोपी व्हा, मग बचाव मांडा.

तिसऱ्या पहाटे एकशे एक पॉइंट चार. मी आनंदाने ओरडले. त्या ओरडण्याची आठवण झाली की अजून पोटात कालवतं. मग पिशवी मोकळी केली, नंतर दोन दिवस आयसीयू. थिएटरमध्ये नेताना त्या डॉक्टरणीने माझा हात धरला, तिचे डोळे भरले होते. दोन दिवस मी तिला मनात काय काय बोलले होते! तिच्या डोक्यावर ९९ वर्षं टांगलेली होती. माझा राग तिच्यावर नकोच होता.

बेळगावची सविता हलप्पनवार आठवते ना? आयर्लंड, ऑक्टोबर २०१२, सतरावा आठवडा. तिथेही ठोका होता म्हणून थांबले. ती वाचली नाही. आयर्लंडने २०१८ ला मतदान घेऊन कायदा बदलला, आणि अमेरिका आता उलटी चाललीय.

आपल्याकडे मुलगी म्हणून गर्भ पाडले, हो, मीही पाहिलंय, त्याची लाज वाटते. तो गुन्हा गर्भलिंग निदानाच्या कायद्याने पकडा. त्यासाठी गर्भपाताला परवानगी देणाऱ्या १९७१ च्या कायद्यावर दात ठेवू नका. नोकरीला लागले तेव्हा चोरून गर्भ पाडायला काडी घालून सडलेल्या पिशव्यांच्या बायका वॉर्डात यायच्या. ग्रुपवर फुलं टाकणाऱ्यांनी त्यांच्या चादरी बदलल्या आहेत.

लेक आता शरीराने बरी आहे. जावई कोलोरॅडोत नोकरी शोधतोय. पुन्हा दिवस राहायच्या आधी राज्य बदलायचं म्हणतात.

आणि सर, तुम्ही हे वाचाल, म्हणून. १९९१ चा पावसाळा, शिराळ्याकडून जीपमधून आणलेली ती बाई. पाचवा महिना, पाणी गेलेलं, नवरा बाहेर भिजत उभा. तुम्ही पोटाला हात लावलात आणि म्हणालात, "सिस्टर, ड्रिप लावा, थांबायचं नाही." सकाळी ती चहा मागत होती.