गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक पांढरा दिवा लावायला काय जाते?

सभागृहातल्या मैफलीचे फोटो काढताना ट्रायपॉड लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, शटरचा आवाज होऊ द्यायचा नाही, या अटी मला मनापासून मान्य आहेत, कारण मैफल श्रोत्यांची असते. संताप येतो तो याचा, की याच अटी घालणारे आयोजक रंगमंचावर गडद निळ्या-जांभळ्या झोताचे एलईडी दिवे लावतात, समोरून साधा उजेड टाकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘फोटो असे कसे आले?’ म्हणून जाब विचारतात.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरचे निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल आणि पाव निळा प्रकाश टिपतात. गायिकेला निव्वळ निळ्या उजेडात बसवले की कामाला येतात ते प्रामुख्याने हे पाव बिंदू, आणि तेही इतके भरून जातात की गाल, कपाळ, ओठ यांतला फरक पुसला जाऊन चेहऱ्याच्या जागी एक सपाट निळा डाग उरतो. जे नोंदलेच गेले नाही, ते कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलमधून मी कुठून आणू? शेवटी फोटो कृष्णधवल करून वेळ मारून न्यावी लागते.

‘आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा’ हा सल्ला देणाऱ्यांचा तर मला वीट आला आहे. लेन्सचे छिद्र एफ २.८ इतके मोठे उघडून आयएसओ ६४०० आधीच लावलेला असतो. २०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून १/१०० सेकंदाच्या शटरवर फोटो काढताना स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर सावरते, द्रुत लयीत तबल्यावर पडणारी बोटे थांबवत नाही. शटरचा वेग वाढवावा तर दिव्यांची लुकलुक आडवी येते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, तिथे १/१०० वर निभावते. पण मंद केलेले एलईडी स्वतःच्याच वेगाने उघडझाप करतात. त्यात आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरायचे, आणि ते सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे तबलजींच्या पांढऱ्या झब्ब्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. यांत्रिक शटरने ते बरेच कमी होतात, पण मग पहिल्या रांगेतले लोक वळून डोळे वटारतात.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी, की साउंड चेकच्या वेळी विनंती केली तर लाइटवाले दादा लगेच समोरचा पांढरा दिवा लावून देतात. कार्यक्रम सुरू झाला की आयोजकांपैकीच कोणीतरी धावत येऊन ‘वातावरणनिर्मिती’च्या नावाखाली तो बंद करायला लावतो. वर्षानुवर्षे रियाज करून तिथवर पोहोचलेल्या कलावंताला स्वतःच्या मैफलीचा एक धड फोटो मिळू नये, ही कसली वातावरणनिर्मिती? मागच्या पडद्यावर हवा तेवढा निळा रंग उधळा, माझी काही तक्रार नाही. पण चेहऱ्यावर बाजूने, जरा उंचावरून, एक पांढरा दिवा शेवटच्या भैरवीपर्यंत चालू ठेवा, आणि तो ठेवणार नसाल तर खराब फोटोंचा जाब मला विचारू नका.